हुरड्याचा पाठ

गुळभेंडी ज्वारी यंदा उशिरा भरली, म्हणून हुरडा संक्रांतीनंतरच्या रविवारावर गेला. ताडकळसच्या शिवारात, विहिरीच्या वरच्या अंगाला, परमेश्वरने सकाळीच खड्डा घेऊन गोवऱ्या पेटवल्या होत्या. आगटीचा धूर सरून निखारे लाल झाले होते. त्याच्या बायकोने, राजेश्रीने, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही असं सगळं कापडावर मांडून ठेवलं होतं. तरीही कोणी मोकळं बोलत नव्हतं.

दहाच्या सुमारास परमेश्वरच्या थोरल्या भावाची, महारुद्रची, गाडी बांधावर थांबली. परभणीहून निघताना त्याने सोबत परमेश्वरच्या मुलीला, अर्पिताला, आणलं होतं. अर्पिता उतरली तेव्हा तिच्या एका हातात चपला होत्या आणि दुसऱ्या हाताने तिने एक निळी फाईल छातीशी धरली होती. तिच्या चुलत आजीने, पार्वतीबाईंनी, ती फाईल पाहिली आणि पोरीचे डोळे पाहिले. ‘हिच्या घशाखाली आज दाणा उतरायचा नाही,’ त्या मनाशी म्हणाल्या.

“मोठीआई, पाया पडते.”

“ऊठ. जेवतीस का न्हाई तिकडं? हाडंच लागायलीत हाताला.”

“जेवते की.”

“ती जेवती कुठं,” महारुद्र मागून म्हणाला. “जेवताना बी पुटपुटायली आसती. घास तोंडात आन् पाठांतर बी तोंडात.”

या घरात हुरड्याला पाठ असतो. परमेश्वरचे वडील दिनकरराव मॅट्रिक पास झाले त्या वर्षीपासूनची ही चाल. साऱ्या भावकीत मॅट्रिक झालेले ते पहिलेच. त्यांच्या वडिलांनी त्यांना याच रानात, अशाच आगटीपाशी उभं करून म्हटलं होतं, काय शिकलास ते गावाला ऐकव. दिनकररावांनी इतिहासाचा अख्खा धडा न अडखळता म्हणून दाखवला. तेव्हापासून ज्या वर्षी घरातलं जे लेकरू परीक्षेला बसेल, त्याने हुरडा खाल्ल्यावर उभं राहून पाठ द्यायचा आणि दिनकररावांनी समोर बसून पुस्तक धरायचं. पुढे ते हेडमास्तर झाले, निवृत्त झाले, पण सदऱ्याच्या खिशातलं लाल पेन आणि हुरड्याचा पाठ, दोन्ही सुटले नाहीत. याच पाठाच्या जोरावर एक पुतण्या तहसील कचेरीत लागला, दोन भाच्या शिक्षिका झाल्या आणि महारुद्रचा आदिनाथ तर डॉक्टरकीला गेला, असं ते आल्यागेल्याला सांगत.

आज पाठ अर्पिताचा होता, आणि या वेळी तो नुसता रिवाज नव्हता. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत ती गेल्या मे महिन्यात फार खाली राहिली होती. एक वर्ष आणखी मागून घेऊन ती महारुद्रच्या घरी राहिली होती, क्लासला जात होती. क्लासच्या दर पंधरवड्याच्या चाचणीत मात्र गुण वाढायच्या ऐवजी कमी होत चालले होते. ते आकडे तिने आईला सांगितले, आईने बापाला सांगितले नाहीत, आणि महारुद्रने ते स्वतःच क्लासच्या भिंतीवर वाचले. त्याने फोन करून भावाला सांगून टाकलं, पोरगी घेऊन जा, इथं गावात बी.ए.ला घाला, पाहुणेही विचारतायत. परमेश्वर मुलीपुढे बोलू शकेना आणि भावापुढेही बोलू शकेना. शेवटी दिनकररावांनी निवाडा केला, “हुरड्याला पाठ देऊ दे. एका अक्षराला अडली नाही, तर मेपर्यंत परभणीलाच राहील. अडली, तर सामान परत.”

डॉक्टर व्हायचं हे अर्पिताने कोणाचं पाहून ठरवलं नव्हतं. दिनकररावांचे थोरले भाऊ सटवाजी, पार्वतीबाईंचे मालक, मूत्रपिंडं निकामी होऊन तीन वर्षं परभणीच्या दवाखान्यात मशीनवर होते. आठवड्यातून दोनदा. तेव्हा सातवी-आठवीतली ही पोर सुटीच्या दिवशी हट्टाने सोबत यायची आणि चार-चार तास म्हाताऱ्याचे पाय दाबत बसायची. सटवाजी गेले त्या दिवशी ती रडली नाही. नुसतं म्हणाली, “मी शिकले असते तर.” पार्वतीबाईंनी ते वाक्य कोणाला सांगितलं नव्हतं.

कणसं भाजून झाली. गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून भुसा उडवायचा, हिरवे दाणे दुसऱ्याच्या हातावर ठेवायचे, असं थोडा वेळ चाललं. महारुद्रने दोन वेळा चटणी मागून घेतली. दिनकररावांनी हात पुसले आणि चष्मा चढवला.

“चला. फाईल द्या इकडे. कोणता पाठ?”

“रक्ताभिसरण आणि उत्सर्जन, आबा. आदिदादाच्या वहीतला.”

“वा. त्या वहीसारखी वही नाही.”

आदिनाथच्या वह्या या घरात पोथीसारख्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघालेल्या त्या पोराने सगळं शास्त्र साध्या मराठीत उतरवून ठेवलं होतं. तो मेडिकलला गेला तेव्हा परमेश्वरने त्या वह्या मागून घेतल्या, परभणीला त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि मूळ वह्या जपून परत केल्या. झेरॉक्सच्या नऊ फायली झाल्या होत्या. अर्पिताच्या हातातली ही चौथी.

ती उभी राहिली. हात मागे बांधले, नजर लांबच्या बाभळीच्या शेंड्यावर लावली आणि सुरू झाली. आवाज एका चालीत होता. वाक्य संपलं की खाली यायचा, दुसरं लागलं की वर. दिनकरराव कागदावर बोट फिरवत होते. बोट आणि आवाज बरोबरीने चालले होते. राजेश्री पदराचं टोक बोटाला गुंडाळून बसली होती. एकेका वाक्याबरोबर तिचे ओठही हलत होते. घरी फोनवर ऐकून ऐकून तिलाही निम्मं येत असावं.

पार्वतीबाईंना त्या आवाजात वेगळंच ऐकू येत होतं. साठ वर्षांपूर्वी याच चालीत एक पोरगा अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत म्हणायचा. त्या या घरात आल्या तेव्हा पंधराच्या, आणि दीर सोळाचा. भाकरी थापताना त्याचा आवाज आत यायचा आणि नवऱ्याच्या घरात आपल्या वयाचं कोणीतरी आहे म्हणून जीव थाऱ्यावर राहायचा.

“...हृदयाच्या उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातलं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त, फुप्फुस धमनीतून बाहेर पडतं आणि मूत्रवाहिन्यांमधून मूत्राशयात येऊन साठतं. मूत्राशयाची भिंत स्नायूंची असते. ती ताणली गेली की...”

पार्वतीबाईंच्या हातात गरम कणीस होतं. ते चोळायचं थांबलं. तळहात भाजला तेव्हा त्यांनी ते खाली टाकलं.

अर्पिता पुढे गेली होती. आणखी दोन पानं झाली आणि ती थांबली. दिनकररावांचं बोट शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर होतं. त्यांनी फाईल मिटली.

“कानामात्रेचाही फरक नाही,” ते म्हणाले. “पन्नास वर्षांत असा पाठ ऐकला नाही मी.”

राजेश्रीने डोळे पुसले. परमेश्वर हसला, कितीतरी दिवसांनी. महारुद्रने दोन्ही हात वर केले. “बरं आबा. शब्द म्हंजी शब्द. ऱ्हाऊ द्या परभणीला.”

“अर्पी,” पार्वतीबाई म्हणाल्या, “एक सांग गं. रक्त लघवीच्या पिशवीत कामून गेलं?”

महारुद्र मोठ्याने हसला. “मोठीआई, शास्त्र हाय ते. भजन न्हाई, मधीच टाळ वाजवायला.”

“मधी कुठं? झाल्यावरच इचारायलेय.”

“वहिनी,” दिनकरराव मायेनेच म्हणाले, “पाठ उतरला आहे. शंका नंतर.”

“शंका न्हाई भाऊजी. मला ते म्हाईत हाय, मनून इचारायलेय. तुमच्या भावाचं रक्त एकदा लघवीत उतरलं होतं. भर उन्हात जीप करून परभणी गाठली आपुन. डॉक्टर म्हणला, रक्त तिथं दिसायलाच नको. आन् ही म्हंती, रोजच तिथं साठतंय.”

आता कोणी हसलं नाही. सगळ्यांनी अर्पिताकडे पाहिलं.

“सांग की,” राजेश्री म्हणाली. “सांग मोठीआईला समजावून.”

अर्पिताने डोळे मिटले आणि ती परत पाठाच्या पहिल्या ओळीपासून निघाली, भरभर, हलक्या आवाजात, कारण मधूनच सुरू करणं तिला जमत नव्हतं. ती त्या वाक्याशी आली. “...फुप्फुस धमनीतून बाहेर पडतं आणि...” इथे तिचा आवाज हळू झाला. “मूत्रवाहिन्यांमधून... मूत्राशयात...”

तिने डोळे उघडले. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं पार्वतीबाईंना दिसलं.

“फुप्फुस धमनीतून फुप्फुसात जातं,” ती म्हणाली. हे ती कोणाला सांगत होती कोण जाणे. “फुप्फुसातच जाणार ना. नावच तसं हाय तिचं.”

दिनकररावांनी फाईल पुन्हा उघडली. “इथं तसंच लिहिलं आहे,” ते म्हणाले, आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. पानाच्या तळाशी ‘बाहेर पडतं आणि’ होतं. उलटल्यावर पुढच्या पानाच्या डोक्यावर ‘मूत्रवाहिन्यांमधून’. त्यांचा आवाज मधेच थांबला. बोट मात्र कागदावर तसंच राहिलं.

“पान न्हाई मधलं,” राजेश्री त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. सासऱ्याच्या इतक्या जवळ ती कधी आली नव्हती. “आकडे बगा की कोपऱ्यातले.”

कोपऱ्यात आकडे नव्हते. झेरॉक्स काढताना कडेला कापले गेले होते. पाठपोट दोन पानांचा एक कागद कुठेतरी मशीनवर राहिला होता किंवा वाऱ्याने उडाला होता. अर्धं हृदय आणि अर्धं मूत्रपिंड त्याच्याबरोबर गेलं होतं. उरलेली दोन टोकं एकमेकांना अशी जुळली, की वाक्य कुठेच तुटलं नाही. पोरीने ते चार महिने घोकलं. आईने फोनवर ऐकलं. आणि पस्तीस वर्षं शाळा चालवलेल्या माणसाने आत्ता, उजेडात, चष्मा लावून, बोट ठेवून त्याला मान डोलावली होती.

“मला एकदा खटकलं होतं,” अर्पिता म्हणाली. “दिवाळीच्या आधी. रक्त तिथं कसं, असं आलं होतं मनात. पण वाटलं, आदिदादाच्या वहीत चूक कशी ऱ्हाईल? परत म्हणायला लागले. म्हणलं की ते खटकणं जातं.”

परमेश्वर उठून चार पावलं लांब गेला. झेरॉक्स त्याने काढली होती.

“थांबा, आदिनाथलाच इचारू,” महारुद्रने फोन काढला. “मूळ वही त्याच्याजवळ हाय. फोटो पाठीव म्हणतो त्या पानाचा. एका पानासाठी एवढं काय.”

फोन स्पीकरवर लागला. तिकडून आदिनाथचा आवाज मजेत आला. “काय पप्पा, हुरडा झाला का? मला ठिवा थोडा.”

महारुद्रने सगळं सांगितलं. तो ‘पाठ’ म्हणाला तिथे आदिनाथने त्याला मधेच तोडलं.

“थांबा, थांबा. माझ्या वह्या पाठ केल्यात तिनं?”

“मग काय करायच्या असत्यात वह्या?”

“अरे देवा. अर्पी, हायस का तिथं? लाल शाईतलं कसं वाचलंस तू?”

“कोणतं लाल, दादा?”

“वहीत लाल हाय ना जागोजाग.”

“सगळं काळंच हाय.”

विहिरीवरच्या पंपाचा आवाज तेवढा येत होता.

“झेरॉक्स,” आदिनाथ म्हणाला. “झेरॉक्समधी लाल बी काळं झालं. अर्पी, ऐक. त्या शिकवायच्या वह्या न्हाईत. मी धडा वाचायचो, पुस्तक मिटायचो आन् आठवंल तेवढं काळ्या शाईनं लिहायचो. मग पुस्तक उघडून जे चुकलं, जे सुटलं, ते बाजूला लाल शाईनं. काही काळी वाक्यं साफ चुकीची हायत. कारण मला तवा तेवढंच येत होतं. दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे, परत कोऱ्या कागदावर. लाल कमी झालं की पुढचा धडा. वही झाली की काम संपलं तिचं. मी परत उघडून बघितल्या बी न्हाईत.”

अर्पिता खाली बसली. फाईल ओढून घेऊन ती भराभरा पानं उलटू लागली. “इथं... इथं एकच गोष्ट दोनदा हाय. आदी एक, लगेच दुसरी. उलटीच. मला वाटलं, दोन मुद्दे हायत.” तिने मान वर केली. “मी दोन्ही पाठ केल्यात, दादा. चूक बी आन् बरोबर बी. नऊ फायली.”

राजेश्रीने तोंडावर हात ठेवला.

“मग सांगितलं का न्हाईस आजपर्यंत?” महारुद्र फोनवर ओरडला.

“कोणी इचारलं? काकांनी वह्या मागितल्या, दिल्या. आन् मला वाटलं, ती बी पुस्तक मिटून लिहीत आसंल, वही नुसती ताडून बघायला.” तो थोडा थांबला. “आन् आबांपुढं काय सांगू? आबा, राग मानू नका. माझ्या वर्षी मला हुरड्याला ताप आला होता, पाठ झाला न्हाई. आठवतंय?”

“आठवतंय,” दिनकरराव म्हणाले. “मी अंगारा लावला होता तुला.”

“ताप नव्हता आबा. एक पान बी मला तोंडपाठ नव्हतं. समजलं होतं, पण तुमच्या बोटासंगं अक्षराला अक्षर आलं नसतं. मी भिलो.”

फोन बंद झाला. दिनकररावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. ज्या एका नातवाच्या नावावर ते गावभर पाठाचं माहात्म्य सांगत होते, त्याला पाठ येतच नव्हता. पार्वतीबाईंना वाटलं, हा माणूस आता इथे बसल्याबसल्या म्हातारा झाला. सकाळपर्यंत नव्हता.

“झालं मग,” महारुद्र अवघडून म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, पण तो एकदा बोलल्यावर न हटणारा माणूस. “आबा, तुमीच म्हणला होता, अडली तर सामान परत. नऊ फायली चुकीच्या. राहिले साडेतीन महिने. पोरीला अजून किती रगडायचं? माझ्या घरात ती पहाटं चारला उठून म्हणायली आसती, माझ्यानं बघवत न्हाई. माझ्या बी लेकीसारखीच हाय ती.”

“व्हय,” परमेश्वर लांबूनच म्हणाला. “दादा म्हणतोय ते बरोबर हाय. चूक माझी हाय, पण आता...”

“तुमची चूक आन् सामान तिचं?” राजेश्री उभी राहिली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण मोठ्या दिरासमोर तिने आवाज चढवला नव्हता. “ती आळशी होती का? उनाड होती का? सोळा-सोळा तास बसली ती. सांगितलं तसं केलं. तुमी समद्यांनी सांगितलं तसं. आन् आता तिलाच घरी न्या म्हंता?”

“वहिनी, मी तसं...” महारुद्र गडबडीत लहान भावाच्या बायकोलाच ‘वहिनी’ म्हणून गेला, आणि एरवी ज्यावर सगळे पोट धरून हसले असते त्यावर कोणी हसलं नाही.

अर्पिताने फाईल मिटली आणि आगटीकडे पाहिलं. पार्वतीबाईंना ते पाहणं समजलं. त्यांनी हात लांब करून फाईल काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवली.

“जाळायची न्हाई. बस. भाऊजी, तुमचं मॅट्रिक सांगू का?”

दिनकररावांनी वर पाहिलं.

“पहिल्या वर्षी नापास झाला होता तुमी. हे कोणी काढत न्हाई घरात, पण झाला होता. सगळं तोंडपाठ होतं तरी. मी ऐकायची की चुलीपासून. दुसऱ्या वर्षी डोळे आले तुमचे. दीड महिना पट्टी होती डोळ्यावर. मामंजी म्हणले, सूनबाई, तू चौथीपर्यंत गेलीस ना, वाचून दाखीव त्याला. मी वाचायची. मला काय कळायचं? एक वळ वाचली की इचारायची, म्हंजी काय भाऊजी? तुमी चिडायचा. म्हणायचा, वहिनी, नुसतं वाचा. मी म्हणायची, सांगितल्याबगर पुढं वाचणार न्हाई, मला झोप येती.”

“सनावळी विचारायच्या तुम्ही,” दिनकरराव हळू आवाजात म्हणाले. “या राजानं त्याच्यावर चाल केली, म्हणजे कामून केली?”

“आन् तुमाला यायचं न्हाई. मग दुसऱ्या दिवशी परत मागचं पान काढायला लावायचा. कवा सांगता सांगता तुमालाच उलगडायचं. पट्टी निघाली, तुमी परीक्षेला गेला, पास झाला. मामंजीनी हुरड्याला उभं केलं, तुमी धडा म्हणून दाखीवला. समद्यांनी तेवढंच बघितलं. चुलीपाशी कोण बघायला बसलंय?”

पार्वतीबाईंनी एक नवं कणीस निखाऱ्यात सरकवलं.

“आन् मला मूत्रपिंड कसं कळतंय, ते बी सांगते. दवाखान्यात मशीन चालवायला सिद्धोधन नावाचं पोरगं होतं. पहिल्या दिवशी समजावून सांगितलं त्यानं, की आजी, रक्त हिकडून येतंय, हितं गाळलं जातंय, परत अंगात जातंय, घाण तेवढी बाहेर. मी मान हलवली. दुसऱ्या खेपेला मला म्हणला, आता तुमी सांगा. मला दोन गोष्टी बी आल्या न्हाईत. लाज वाटली. तो हसला न्हाई. तेवढंच परत सांगितलं. पुढच्या खेपेला परत इचारलं. तीन वरीस. मला आज बी झोपेतून उठवा.”

त्यांनी अर्पिताकडे तोंड केलं. “चल. फाईल माज्या बुडाखाली हाय. हृदय काय करतंय, सांग मला. पुस्तकातलं नको, तुला म्हाईत आसंल तेवढं.”

“मोठीआई, मला न्हाई येणार.”

“येईल तेवढं.”

अर्पिताने समोरच्या कापडावरची दोन कणसं उचलून शेजारी-शेजारी ठेवली. “हे हृदय,” ती म्हणाली. “दोन बाजू. अंगातून घाण... म्हणजे ऑक्सिजन वापरून झालेलं रक्त या बाजूला येतं. इथून फुप्फुसात जातं. तिथं ऑक्सिजन घेतं. परत या दुसऱ्या बाजूला येतं, आणि इथून सगळ्या अंगात.” आवाज चालीत नव्हता. अडत होता, मागे जात होता. “मधे झडपा असतात. रक्त उलटं जाऊ नये म्हणून. किती... चार. कोणती कुठं...”

ती थांबली. सवयीने तिने दिनकररावांकडे पाहिलं. पाठ देताना अडलेलं पोर नेहमी असंच पाहायचं आणि ते पुढचा शब्द टाकायचे, किंवा नुसती मान हलवायचे. ती मान हलली की पाठ संपला असं सारं घर समजायचं.

“पुढचं म्हाईत न्हाई, आबा,” ती म्हणाली. “पाच मिनिटात संपलं. दोन वर्षं शिकले आणि एवढंच हाय माझ्याकडं.”

तिच्या स्वरात रडणं नव्हतं. रिकाम्या कणगीत हात घालून तळ चाचपणाऱ्या माणसाचा धक्का होता. राजेश्री पुढे सरकली, तिला पार्वतीबाईंनी हातानेच थांबवलं.

दिनकरराव गुडघ्यावर हात टेकून उठले आणि येऊन नातीसमोर खाली मातीत बसले. जन्मात ते पाठ देणाऱ्याच्या समोर असे खाली बसले नव्हते.

“महारुद्र,” ते त्याच्याकडे न बघता म्हणाले, “अडली तर सामान परत, असं मी म्हणालो होतो. ती अडली नाही. ती अडायला हवी होती आणि मी तिला अडवलं नाही. नापास मी झालो आहे. तिचं सामान तुझ्याच घरी राहील.”

महारुद्रने भावाकडे पाहिलं, मग राजेश्रीकडे. “ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “पण पहाटं चारला उठायचं न्हाई. आन् जेवताना गप जेवायचं.”

“आन् दर रईवारी हिकडं यायचं,” पार्वतीबाई म्हणाल्या. “पुस्तक घरी ठिवून. मी इचारीन, म्हंजी काय. मला झोप आली तर समजायचं, तुला येत न्हाई.”

पहिल्यांदा अर्पिताच्या ओठाचा कोपरा हलला. “साडेतीन महिन्यांत होईल का, मोठीआई?”

“ते मला काय म्हाईत?” त्या म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी सटवाजींनाही कधी दिला नव्हता.

दिनकररावांनी फाईल मागितली. पार्वतीबाईंनी मांडीखालून काढून दिली. दिनकररावांनी तिच्यातलं शेवटचं पान उलटं केलं. त्याची मागची बाजू कोरी होती. खिशातलं काळं पेन महारुद्रने दिलं.

“जेवढं आत्ता बोललीस तेवढं लिही,” ते म्हणाले. “माझ्याकडे बघू नकोस.”

तिने कणसं बाजूला केली आणि लिहिलं. सहा ओळी झाल्या. सातवी ‘चार झडपा’ इथेच संपली. तिने पेन ठेवलं आणि परत आबांकडे पाहिलंच.

त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. ते लाल पेन त्यांनी तीन पिढ्यांच्या वह्यांवर फिरवलं होतं. महारुद्रच्या, परमेश्वरच्या, अर्ध्या ताडकळसच्या. पोरांना त्या पेनाची भीती होती आणि त्यांना त्या भीतीचा अभिमान. त्यांनी टोपण काढलं. पार्वतीबाईंना वाटलं, आता खाडकन एक फुली पडणार.

त्यांनी पेन उलटं केलं आणि दांडीकडची बाजू नातीपुढे धरली.

“घे,” दिनकरराव म्हणाले. “घरी जाऊन पुस्तक उघड. यापुढचं तुझं तूच लिही.”